रंगाखालची रेघ

सायकल घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो. मग घंटी वाजवतो. मग पुढचा टायर अंगठ्याने दाबून बघतो, का ते त्यालाही ठाऊक नसतं. आणि मग विचारतो, "कितीला?" उरणच्या बाजारात एकतीस वर्षं सायकलचं दुकान चालवल्यावर हे मी कुठेही सांगायला तयार आहे. "जरा चालवून बघू का?" असं आपणहून विचारणारी गिऱ्हाइकं मला फार थोडी भेटली.

दुकान मूळ माझ्या नवऱ्याचं. ते बंदरात नोकरीला लागले आणि दुकान विकायचं ठरलं. मी म्हटलं, विकण्याआधी सहा महिने मी बसून बघते. पंक्चर काढायला त्यांच्याकडूनच शिकले. चाकात तारा भरून ते सरळ कसं करायचं हे मात्र माझं मी शिकले, आणि वर्षभरात त्यांच्यापेक्षा बरं करायला लागले. ते हे अजून कबूल करत नाहीत. सुरुवातीला लोक दारात उभे राहून विचारायचे, "मालक कुठायत?"

"मीच."

"तसं नाही, सायकल दुरुस्त करणारे?"

"तेही मीच."

मग काहीजण सायकल ठेवून जायचे आणि काहीजण काहीतरी आठवल्यासारखं करून पुढच्या दुकानात जायचे. ते पुढचं दुकान आता मोबाईलचं झालं आहे. माझं अजून सायकलचंच आहे. गेल्या दिवाळीपासून सून बघते, मी दुपारी तासभर बसते आणि तिच्या कामात लुडबुड करते.

कामावर जायला सायकल घेणारं गिऱ्हाईक मला सगळ्यात आवडतं. शाळेच्या मुलांना मित्रांसारखी सायकल हवी असते. रविवारी व्यायाम करणाऱ्यांना फोटोत चांगली दिसणारी हवी असते. एक बँकेतले साहेब तर जवळजवळ वर्षभर दर रविवारी यायचे, एकेका सायकलची चौकशी करून वहीत लिहून न्यायचे, आणि शेवटी त्यांनी हवा भरायचा पंप घेतला. कामावर जाणाऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याला रोज ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी पोचायचं असतं, आणि खिशात फारसं काही नसतं. अशा माणसाला चार प्रश्न विचारायचे. किती लांब जायचंय, रस्ता कसा आहे, सायकल तिथे उन्हापावसात राहणार की छपराखाली, आणि डबा कुठे ठेवणार.

डब्याचं ऐकून लोक हसतात. पण जिच्यावर डबा ठेवायला कॅरिअर नाही ती सायकल कामाची नाही. डबा मग हँडलला लटकतो आणि एक दिवस पुढच्या चाकात जातो. दुसरं म्हणजे आमच्याकडचा वारा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उरलीसुरली मिठागरं. स्वस्तातल्या गिअरवाल्या सायकलीची तार ह्या हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि गिअर एका जागी अडकून बसतो. स्वस्तातला शॉकअप नुसता वजन वाढवतो. म्हणून मी सांगते, साधी घ्या. चेनकव्हर असलेली, मडगार्ड असलेली, जिची ट्यूब कुठल्याही गावातल्या दुकानात मिळेल अशी. बसून टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढी सीट उंच ठेवा. आणि जुनी घेत असाल तर रंग बघू नका, रंगाखालचं बघा.

हे मी शेकडो लोकांना सांगितलं. आणि एकदा स्वतःच विसरले. ती गोष्ट सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे.

चारेक वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका संध्याकाळी दिलीप दुकानात आला. किडकिडीत, अंगात यार्डातलं नारिंगी चमकणारं जाकीट. पालीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. बायको आणि सहावीतली मुलगी यांना घेऊन इकडे भाड्याच्या खोलीत राहत होता. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनर ठेवायची मोठमोठी यार्डं आहेत, त्यातल्या एकात तो कंत्राटावर होता. त्याचं काम गेटवर. आत येणारा प्रत्येक कंटेनर चारी बाजूंनी बघायचा, कुठे चेपलाय, कुठे भोक आहे, कुठे गंज आहे ते कागदावर लिहायचं आणि मगच आत सोडायचा.

"सकाळी सहाची शिफ्ट हाय काकी," तो म्हणाला. "आधी कामगारांची बस होती. कंत्राटदार बदलला, बस बंद झाली. सात वाजेपर्यंत रिक्षा न्हाय. चालत जातो तर उशीर होतो. तीनदा झाला. साहेब बोलले, आता एकदा झाला तर दुसरा माणूस बघू."

"मग?"

"मग काय, गावाला परत. पोरीला इथल्या शाळेत आत्ताच घातलीय."

बोलता बोलता त्याचे डोळे हिरव्या रंगाच्या, जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलवर होते. मी माझे चार प्रश्न विचारले. सात किलोमीटर. रस्ता डांबरी, मध्ये एक उड्डाणपूल, ट्रेलरची सततची वर्दळ. सायकल दिवसभर उघड्यावर. डब्याचं त्याने ठरवलंच नव्हतं. मी हिरव्या सायकलची किंमत सांगितली आणि ती त्याने का घेऊ नये हेही सांगितलं. तो म्हणाला, "घ्यायची म्हटली तरी जमणारी न्हाय." मग त्याने आपल्याजवळ किती आहेत ते सांगितलं. तेवढ्यात माझ्याकडची साधी नवी सायकलही बसत नव्हती.

दुकानात एक जुनी होती. आमच्या इथल्या एका निवृत्त मास्तरांची. काळी, मजबूत, कॅरिअर आणि चेनकव्हरसकट. गुडघे दुखतात म्हणून मास्तरांनी आठवड्यापूर्वीच ती माझ्याकडे विकायला आणून दिली होती. पंधरा वर्षं त्या सायकलला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. मधलं वर्षभर मास्तर मुलीकडे पुण्याला राहायला गेले होते आणि सायकल त्यांचा भाचा वापरत होता, एवढंच. परत आली ती नवा काळा रंग लावून. भाच्याने रंगवून दिली, असं मास्तर कौतुकाने म्हणाले. मीही कौतुक केलं.

दिलीपला मी ती दाखवली. चाकं उचलून फिरवली, ब्रेकचे रबर नवे टाकले, चेनला तेल दिलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून दाखवली, कुठे खडखड नाही. सीट त्याच्या पायाला लावून दिली. तो बाजाराजवळच्या तळ्याला एक फेरी मारून आला. उतरताना हसत होता.

"खात्रीची ना, काकी?"

"डोळे मिटून न्या," मी म्हणाले. दिवसभर कंटेनरची भोकं शोधणाऱ्या माणसाला मी डोळे मिटायला सांगितलं.

दहा-बारा दिवस गेले. एक वाजायला आला होता, मी जेवायला घरी निघायच्या बेतात होते. मास्तर छत्रीची काडी दुरुस्त करून मिळेल का म्हणून आले. छत्र्या मी करत नाही, पण मास्तरांना नाही म्हणता येत नाही. काडी बघता बघता मी म्हटलं, तुमची सायकल चांगल्या माणसाला दिली.

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "भाच्यानं तिचं बरंच काम करून घेतलं होतं. एकदा जीपवर आपटला ना, तेव्हा पुढचा चिमटा वेल्डिंग करून घेतला. मग रंग मारला."

पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. सगळा भार आणि सगळे धक्के त्याच्यावर येतात. वाकलेला चिमटा फेकून द्यायचा असतो. एखाद्या खिडकीचा गज जोडल्यासारखा तो वेल्डिंगने जोडला की काही दिवस चालतो आणि एक दिवस ब्रेक दाबताना मोडतो. माणूस तोंडावर पडतो. आणि हा माणूस उड्डाणपुलावरून उतरत असताना त्याच्या मागे ट्रेलर असणार होता.

"मला हे सांगितलं नाहीत, मास्तर."

"मला वाटलं, तुला बघून कळलंच असेल."

ते बरोबरच बोलत होते. मला कळायला हवं होतं. पंधरा वर्षांची सायकल कोणी कारण नसताना रंगवत नाही. चिमट्यावरचा रंग एका ठिकाणी नखाने खरवडला असता तरी मला दिसलं असतं. माझ्या हातची सायकल म्हणून मी बघितलंच नाही.

दिलीपचा नंबर माझ्याकडे होता. लावला, बंद. यार्डात आत जाताना मोबाईल गेटवर जमा करून घेतात, हे त्यानेच सांगितलं होतं. शिफ्ट दोनला सुटणार. मी मास्तरांना म्हटलं, "बसा इथेच, दुकान बघा," आणि स्कूटर काढली. मास्तर हातात छत्री घेऊन उठले, पुन्हा बसले. मी तेलाचे हात तसेच घेऊन निघाले.

वाटेत ट्रेलरची रांग लागली होती. कडेच्या मातीतून, कधी उलट्या बाजूने, मी त्या दिवशी ज्या तऱ्हेने स्कूटर चालवली तशी दुसऱ्या कोणी चालवलेली मी खपवून घेणार नाही. रस्त्याला लागून एकासारखी एक यार्डं. दोन गेटांवर चुकीची चौकशी केली. तिसऱ्या गेटवर पोचले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दिलीप? सायकलवाला?" वॉचमन म्हणाला. "छूट गया मॅडम, अभी दस मिनट हुआ."

त्याची भाड्याची खोली पुलापलीकडे. दहा मिनिटांत तो पुलावर पोचला असेल. मी फोन लावला. वाजला, पण उचलला नाही. सायकलवर असेल, म्हणून उचलत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं जे मनात येत होतं ते येऊ दिलं नाही.

पुलाच्या पायथ्याशी ट्रेलर आडवा उभा होता आणि भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. स्कूटर स्टँडवर लावलीच नाही, तशीच आडवी टाकली आणि माणसांना बाजूला सारत घुसले. "कोण आहे? सायकलवाला आहे का?"

लुंगीतला एक माणूस, हातात जॅकचा दांडा, माझ्याकडे बघत राहिला. "सायकलवाला न्हाय काकी. टायर फुटलाय."

"माणूस?"

"माणसाला काय व्हतंय? टायर फुटलाय, टायर."

मी खाली बघितलं. फाटलेला टायर होता, रस्त्यावर रबराचे तुकडे होते. रक्त नव्हतं, सायकल नव्हती. मी त्याला विचारलं, काळ्या सायकलवरून नारिंगी जाकिटातला माणूस गेला का? तो म्हणाला, "गेला ना, आत्ताच. सायकलीवरून न्हाय पण." पुढचं ऐकायला मी थांबले नाही. त्यानेच माझी स्कूटर उचलून दिली.

पूल चढले. वर पोचल्यावर पलीकडचा सगळा उतार दिसतो. ट्रेलर खाली सुसाट जात होते. आणि डाव्या कठड्याला अगदी खेटून एक नारिंगी जाकीट हळूहळू उतरत होतं. सायकल हातात धरलेली.

"दिलीप! उतर!" मी ओरडले. "सायकलवरून उतर!"

त्याने मागे वळून बघितलं. गोंधळला. "मी उतरलेलोच हाय, काकी."

मी स्कूटर कठड्याला टेकवली आणि त्याचं मनगट धरलं. माझ्या हाताचं तेल त्याच्या हाताला लागलं. "का उतरलास?" एवढंच विचारता आलं. आधी मी त्याला अहो-जाहो करत होते, ते त्या गडबडीत कधी सुटलं कळलं नाही.

त्याने सायकल तिरकी केली आणि चिमट्याच्या खांद्याशी, जिथे त्याचे दोन पाय फुटतात तिथे, नख ठेवलं. काळ्या रंगात केसाएवढी रेघ होती. रेघेच्या कडेला तांबूस डाग.

"परवा पुसताना दिसली," तो म्हणाला. "काल बघितली तर गंज फुटलेला. कंटेनरला अशी रेघ दिसली की आम्ही फोटो काढून त्याला बाजूला लावतो. म्हटलं, ही तर मी बसतोय ती गाडी. कालपासून पुलावर चालतोच. सपाटीला बी हळू. सकाळी अर्धा तास आधी निघतो, उशीर नको व्हायला."

"आणि माझ्याकडे का नाही आलास?"

एक ट्रेलर गेला, पूल हलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला म्हाईत असंल."

म्हणजे मी जाणूनबुजून मोडकी सायकल त्याच्या गळ्यात मारली, असं हा माणूस दोन दिवस धरून चालला होता. आणि भांडायलाही आला नाही. कमी पैशात घेतलेल्या वस्तूत असंच असणार, हे त्याने मान्य करून टाकलं होतं. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला पुष्कळ ऐकवलं आहे, पण इतकं कोणी ऐकवलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. मास्तर, भाचा, जीप, रंग. माझी चूक तर दोनदा सांगितली. तो ऐकत होता, पण बघत होता माझ्या पायांकडे. मी बघितलं तर एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात मास्तरांची.

"एवढ्यासाठी आलात?" तो म्हणाला.

"एवढ्यासाठी म्हणजे? आणखी कशासाठी यायचं?"

तेव्हा तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

सायकलवर मी त्याला बसू दिलं नाही. टायरवाल्या गर्दीतल्या एकाचा टेम्पो बाजाराकडे चालला होता, त्यात सायकल टाकली, दिलीपला बसवलं, आणि मी मागून. दुकानाशी आलो तर मास्तर अजून स्टुलावर बसलेले, एक चप्पल पायात, एक पाय अनवाणी. टेम्पोतून नारिंगी जाकीट उतरताना बघून ते उठले. पुढे आले आणि दिलीपचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "लागलं नाही ना कुठे?"

"न्हाय गुरुजी. काय बी न्हाय."

मी चिमटा काढून दगडावर ठेवला आणि हातोडीने हलका टोला दिला. नारळ फोडायला लागतो तेवढाही नव्हे. एक पाय सुटून खाली पडला. मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. दिलीप मात्र खाली बसला, तुटलेल्या कडा बोटाने चाचपल्या आणि म्हणाला, "अर्ध्याहून जास्त आधीच गेलेला. हा इथला गंज जुना हाय, हा नवा." धंदा माझा, पण तपासणी तो करत होता, आणि बरोबर करत होता.

नव्या सायकलचा एक चिमटा माझ्याकडे होता. तो बसवला. हँडलखालचे छर्रे नवे, ग्रीस नवं, पुढचा ब्रेक पुन्हा लावला. पैशांचा विषय त्याने काढला तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो परत काढला नाही. मग मी म्हटलं, "आता तू तपास. तुझ्या गेटवर तपासतोस तशी." त्याने मोबाईलची बॅटरी लावली. चिमटा, रिम, हँडल, पॅडलचे दांडे, सीटचा बोल्ट, सगळं खालून वरून बघितलं. पंधरा मिनिटं लागली. सीटचा बोल्ट त्याला ढिला वाटला. होताच ढिला. मी आवळला.

त्या दिवसापासून दुकानात नियम आहे. जुनी सायकल विकायची तर चिमटा बाहेर काढून, रंग खरवडून, गिऱ्हाइकासमोर बघायचा. मग ती कोणाकडूनही आलेली असो. सुनेला पहिल्याच दिवशी शिकवलं. वेळ जातो, गिऱ्हाईक कंटाळतं. कंटाळू दे.

दिलीप निघाला तेव्हा साडेचार झाले होते. त्याला नको वाटत असतानाही मी स्कूटर घेऊन मागे निघाले. पुलापर्यंत येते म्हणाले. सपाट रस्त्यावर तो सरळ, एका चालीत जात होता, जुन्या सायकलवर माणूस जातो तसा, कुठलीही घाई नाही. चढावर तो उतरला नाही. उभा राहून पॅडल मारत वर गेला. पुलाच्या माथ्यावर मात्र थांबला. एक पाय कठड्याला टेकवला, वाकून एकदा चिमट्याकडे बघितलं. मीही मागे थांबले. मग त्याने पाय उचलला.

सायकल उतारावर सुटली. जाकिटात वारा भरला. मधे त्याने ब्रेक दाबला असावा, कारण वेग एकसारखा कमी झाला, पुन्हा वाढला, पुन्हा कमी झाला. तो ब्रेक लावून बघत होता. खाली सपाटीला पोचल्यावर त्याने सायकल कडेला घेतली, वळला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला. ट्रेलरच्या आवाजात मला पहिल्यांदा कळलं नाही. तो पुन्हा ओरडला.

"काकी, घरी जा! जेवला न्हाय तुम्ही अजून!"

मी हात केला. तो खोलीकडच्या रस्त्याला वळून दिसेनासा झाला. पाच मिनिटं मी तशीच पुलावर उभी राहिले. मग घरी जाऊन हात धुतले, गार झालेला भात आणि बोंबलाचं कालवण ताटात घेतलं, आणि दोन माणसांचं जेवण एकटीने जेवले.